घड्याळ मुंबईचं, सूर्य कोलकात्याचा

जूनमध्ये कोलकात्यात पहाटे पाच वाजायच्या आत सूर्य उगवतो. त्याच दिवशी मुंबईत तो सहाच्या सुमारास वर येतो. मनगटावरचं घड्याळ दोन्हीकडे एकच वेळ दाखवतं, पण सूर्याच्या हिशेबानं कोलकाता मुंबईच्या तासभर पुढे आहे. पूर्वी हे सरकारदरबारीही मान्य होतं. कलकत्ता टाइम ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे असे आणि मुंबई टाइम ४ तास ५१ मिनिटं. कलकत्ता टाइम १९४८ साली गेला, मुंबईकरांनी आपला १९५५ पर्यंत धरून ठेवला. नोकरीनिमित्त इथे कोलकात्यात आलेला मराठी माणूस पहिले काही महिने दिवसभर पेंगत का असतो आणि चार-चार कप कॉफी का ढोसतो, याचं निम्मं उत्तर या तासाभरात आहे.

आधी कॉफीचं काम समजून घेऊ. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं आणि जसजशा त्या जागा भरतात तसतशी झोप येऊ लागते. कॅफीनची घडण अॅडेनोसिनशी मिळतीजुळती असते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसं ते या जागा आधीच अडवतं. थकवा नाहीसा होत नाही, दाराशी ताटकळत उभा राहतो. रुमाल उचलला की सगळी गर्दी एकदम आत घुसते आणि आपल्याला दुसरा कप लागतो. शिवाय कॅफीन लवकर उतरत नाही. त्याची निम्मी मात्रा संपायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं बरंचसं रात्री अकरालाही अंगात असतं. झोप उथळ लागते, सकाळ जड होते, मग सकाळी कॉफी. चक्र पूर्ण.

हे चक्र तोडायची सुरुवात उजेडापासून करावी. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर शरीराचं मुख्य घड्याळ असतं आणि ते रोज सकाळच्या उजेडावर लावलं जातं. सकाळी मोकळ्या आकाशाखाली पंधरा-वीस मिनिटं काढली की रात्रीची झोप आपोआप लवकर सरकते. मुंबईच्या सवयीनं बाराला झोपून साडेसातला उठणारा माणूस कोलकात्यात उठतो तेव्हा उन्हाळ्यात सूर्य येऊन अडीच तास झालेले असतात. पडदे ओढलेल्या फ्लॅटमध्ये तो सगळा उजेड फुकट गेलेला असतो. रवींद्र सरोवराभोवती किंवा मैदानावर भल्या पहाटे गर्दी का असते ते इथे राहिल्यावर कळतं. नंतर ऊन सोसवत नाही हे एक कारण, पण फायदा घड्याळालाही होतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तर इथे संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे तेव्हा सकाळ चुकवून चालतच नाही.

मग येते दुपार. दोनच्या आसपासची पेंग फक्त जेवणामुळे येते असा समज आहे, पण न जेवताही ती येते, कारण शरीराच्या घड्याळातच तिथे एक उतार आहे. भरपूर पांढरा भात तो उतार आणखी निसरडा करतो, एवढंच. बंगाल्यांनी या झोपेला नावच देऊन टाकलंय: भातघूम. पाड्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, कितीतरी दुकानं त्या वेळी शटर ओढतात. (पुणेकरांनी उगाच हसू नये.) डुलकीला माझी हरकत नाही, तिच्या लांबीला आहे. वीस मिनिटांत उठलं तर डोकं स्वच्छ होतं. त्यापुढे माणूस गाढ झोपेत उतरतो आणि मध्येच उठवला की तासभर बधिर असतो. म्हणून पलंगावर नको, खुर्चीत मान टेकून झोपा आणि गजर लावा. जेवताना भाजी, डाळ, मासा आधी खा आणि भात शेवटी थोडा घ्या. रक्तातली साखर त्यानं सावकाश चढते.

कोलकात्यातला बराचसा थकवा खरं तर घामाचा असतो. हवा इतकी दमट की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. मग रक्त त्वचेकडे ढकलण्यासाठी हृदय जास्त राबतं आणि आपल्याला वाटतं, कॉफी हवी. हवं असतं पाणी आणि मीठ. डाब, म्हणजे शहाळं, उत्तमच. पण त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. आमपोडा शरबत म्हणजे भाजलेल्या कैरीचं आपलं पन्हंच, त्यात मीठ असतं. माझं मत मात्र छातूला, म्हणजे सत्तूला. डलहौसी, बडाबाजार भागात बिहारी विक्रेते भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ पाण्यात घुसळतात. त्यात काळं मीठ, लिंबू, कांदा, हिरवी मिरची. शंभर ग्रॅम पिठात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. सकाळी अकराला एक ग्लास घेतला की दुपारच्या जेवणावर तुटून पडायची वेळ येत नाही. पाणी कुठलं वापरलंय ते मात्र बघा, नाहीतर पीठ घरी आणा.

आणि चहा? त्यातही कॅफीन आहेच, पण कॉफीपेक्षा कमी, आणि इथलं भाँड, म्हणजे मातीचा छोटा कप (आपल्या भांड्याचाच भाऊ), चार-पाच घोटांत संपतं. कॉफी सोडायची तर एकदम सोडू नका. रोजची सवय अचानक तुटली की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि हे आठवडाभरही चालू शकतं. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करा, दुपारचा आधी. एवढं करूनही, पुरेशी झोप घेऊनही थकवा महिनाभर हटत नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या, आणि घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसवर मात्र बहिष्कार नको. १९४२ पासून अल्बर्ट हॉलमध्ये चाललेल्या त्या जागेत काळ्या कॉफीला अजून ‘इन्फ्युजन’ म्हणतात. ती जरूर प्या, फक्त दुपारी बाराच्या आत.