नवरा जर्मन, बायको नाशिकची

समजा, तुमची एक मावसबहीण आहे. नाशिकला वाढलेली, भारतीय पासपोर्ट असलेली. तिचं लग्न एका जर्मन मुलाशी झालं. दोन आठवड्यांनी भावोजी विमानात बसले आणि ताई नाशिकलाच राहिली. आता ती तुम्हाला फोनवर विचारते, "मी युरोपच्या नागरिकाची बायको आहे ना? मग मला लगेच का जाता येत नाही?"

या पाठात आपण तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधू.

आधी हे विचारा: भावोजी राहतात कुठे?

लग्न झालं म्हणून नागरिकत्व आपोआप मिळत नाही. युरोपीय संघात 27 देश आहेत आणि प्रत्येकाचे स्वतःचे कायदे आहेत. त्यांच्या जोडीला संघाचे काही सामाईक नियमही आहेत. ताईला कोणता नियम लागू होईल, हे भावोजींच्या पत्त्यावर ठरतं. ते स्वतःच्या देशात राहतात, की संघातल्या दुसऱ्या देशात?

वाट पहिली: स्वतःचा देश

भावोजी म्युनिकला राहत असतील, तर ते आपल्याच देशात आहेत. मग जर्मनीचा कायदा लागतो. ताईने भारतातूनच कुटुंब एकत्र येण्यासाठीचा व्हिसा मागायचा. त्यासाठी सहसा जर्मन भाषेची ए1 ही पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागते. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवनात ही भाषा शिकता येते. म्हणजे परीक्षा होईपर्यंत काही महिने नवरा तिकडे, बायको इकडे!

पण या वाटेचे फायदेही आहेत. जर्मनीत पोचल्यावर ताईला नोकरी करता येते. संसार एकत्र चालू असेल, तर तीन वर्षांनी ती कायमच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. तेव्हा मात्र बी1 पातळीचं जर्मन लागतं.

वाट दुसरी: संघातला दुसरा देश

आता समजा, भावोजींना ॲमस्टरडॅमला नोकरी लागली. जर्मन माणूस नेदरलँड्समध्ये राहायला गेला, म्हणजे त्याने संघातली सीमा ओलांडली. आता युरोपीय संघाचा 2004 सालचा नियम लागू होतो. त्याप्रमाणे:

- ताईचा प्रवेश व्हिसा मोफत असतो आणि तो लवकरात लवकर द्यावा लागतो.
- पहिले तीन महिने राहायला वैध पासपोर्ट पुरतो. भाषेची परीक्षा नाही.
- तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं, तर भावोजींकडे नोकरी किंवा धंदा हवा. नाहीतर पुरेसे पैसे आणि आरोग्यविमा हवा.
- ताईने तिथल्या कार्यालयात निवासपत्रासाठी अर्ज करायचा. अर्जाची पोच लगेच मिळायला हवी आणि पत्र सहा महिन्यांच्या आत.
- ताईला नोकरी करायचा हक्क असतो.
- सलग पाच वर्षं राहिल्यावर कायम राहायचा हक्क मिळतो.

गंमत बघा. म्युनिकला राहणाऱ्या जर्मन माणसाच्या बायकोला ए1 लागतं, पण त्याच्या शेजारी राहणाऱ्या फ्रेंच माणसाच्या भारतीय बायकोला लागत नाही! असं का? संघाला वाटतं, लोकांनी कामासाठी एका देशातून दुसऱ्या देशात मोकळेपणाने जावं. बायको किंवा नवरा मागे राहणार असेल, तर कोण जाईल? म्हणून सीमा ओलांडणाऱ्याला ही सोय आहे.

गोव्यातल्या घरांनाही हे उपयोगी आहे. अनेक गोवेकरांकडे पोर्तुगालचं नागरिकत्व आहे. असा गोवेकर आयर्लंडमध्ये नोकरी करत असेल आणि बायकोचा पासपोर्ट भारतीय असेल, तर तिलाही हीच वाट मोकळी आहे.

वाट तिसरी: परत येणं

या वाटेमागे एका भारतीय माणसाचा खटला आहे. सुरिंदर सिंग यांची पत्नी ब्रिटिश होती. दोघांनी काही वर्षं जर्मनीत काम केलं आणि मग ते ब्रिटनला परतले. तेव्हा ब्रिटन संघात होता. 1992 साली युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की नागरिक दुसऱ्या देशात काम करून मायदेशी परतला, तरी जोडीदाराचे हक्क कमी होऊ नयेत. म्हणजे ताई आणि भावोजी ॲमस्टरडॅमला खरोखर संसार करून म्युनिकला परतले, तर संघाचे नियम त्यांच्याबरोबर येतात. नुसतं फिरायला जाऊन आलेलं मात्र चालत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवा: 2020 साली ब्रिटन संघातून बाहेर पडला. आता तिथे नव्याने येणाऱ्या जोडीदारांना ब्रिटनचेच नियम लागतात.

कागद नीट ठेवा

लग्नाचा अल्बम कितीही सुंदर असला, तरी कार्यालयात चालतं ते विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. त्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं असतं, लग्नानंतर कधी नवऱ्याचं होतं, आणि इथेच घोळ होतो. प्रमाणपत्र साक्षांकित कसं करायचं, भाषांतर कुठल्या भाषेत हवं, हे त्या देशाच्या वकिलातीकडून आधीच समजून घ्या.

आणि संसार मोडला तर?

हा प्रश्न कुणाला आवडत नाही, पण ताईला हे माहीत हवं. दुसऱ्या वाटेने गेलेल्या बायकोचं लग्न किमान तीन वर्षं टिकलं असेल, आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तर घटस्फोटानंतरही तिला तिथे राहता येऊ शकतं. घरात मारहाण झाली असेल, तर तीन वर्षांची अट पूर्ण झालेली नसली तरी हक्क टिकू शकतो. म्हणून "सोडलंस तर तुला भारतात परत पाठवतील" अशी धमकी कुणी दिली, तर घाबरून गप्प बसू नये. वकिलाला विचारावं.

आता ताईला फोन करा. पहिला प्रश्न कोणता विचाराल, ते तुम्हाला माहीत आहे.

शब्दार्थ

जोडीदार – नवरा किंवा बायको
सामाईक – सगळ्यांसाठी एकच असलेला
निवासपत्र – एखाद्या देशात राहायची परवानगी दाखवणारं कार्ड
पोच – अर्ज मिळाल्याची पावती
साक्षांकित – खरा आहे असा सरकारी शिक्का मिळालेला
वकिलात – परदेशी सरकारचं आपल्या देशातलं कार्यालय

प्रश्न

1. भावोजी कुठे राहतात, हे आधी का विचारायचं?
2. फ्रेंच शेजाऱ्याच्या बायकोला ए1 परीक्षा का लागत नाही?
3. तीन महिन्यांनंतर राहण्यासाठी भावोजींकडे काय हवं?
4. तुमच्या मते ताईने कोणती वाट धरावी? पाच-सहा वाक्यांत ताईला पत्र लिहा.