चर बुजविण्यापूर्वीं

इमारत कलली तर ती वाटसरूसही दिसते. पुलास तडा गेला तर त्याची चर्चा चव्हाट्यावर होते. जमिनीखालीं घातलेल्या पाण्याच्या नळाचें तसें नाहीं. चर बुजला कीं कारागिराची कसोशी आणि कंत्राटदाराची हयगय हीं दोन्ही एकाच मातीखालीं गडप होतात. घरोघर नळानें पाणी देण्याची योजना केंद्र सरकारनें २०१९ सालीं जाहीर केल्यापासून गांवोगांव रस्ते खणले गेले आहेत. म्हणून या दृष्टीआडच्या कामाविषयीं लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

मुंबईस १८६० सालीं विहारचें व १८९२ सालीं तानशाचें पाणी आलें, त्या काळीं ओतीव लोखंडाच्या नळांचे सांधे शिशानें भरण्याची रीत होती. एका नळाच्या रुंद मुखांत दुसऱ्याचें टोक बसवावयाचें, फटींत ताग ठासावयाचा, वर वितळलेलें शिसें ओतावयाचें, आणि तें निवल्यावर छिन्नी-हातोड्यानें चहूंकडून ठोकून घट्ट करावयाचें. आज डक्टाइल लोखंडाच्या नळांत शिशाची जागा रबरी कड्यानें घेतली आहे. काम सोपें झालें खरें. पण सोप्या कामांतच बेफिकिरी लवकर शिरते. मुखाच्या आंतील खांच वाळूचा कण न राहील अशी पुसली पाहिजे. टोकास साबणी वंगण लावावें. यंत्राचें तेल कदापि नव्हे, कारण त्यानें रबर बिघडतें. नळ जागेवर कापावा लागला तर कापलेली कड घासून पुन्हा उतरती करावी आणि तो किती आंत शिरावयाचा याची खूण नव्यानें करावी. नाहींतर ती धार रबरास चिरते व सांधा जन्मतःच गळका होतो. मुखाखालीं चरांत खळगा हवा, म्हणजे नळ मुखावर न तोलतां सबंध अंगानें जमिनीवर टेकतो.

गळक्या सांध्यानें केवळ पाणी वायां जातें असें नव्हे. आमच्या बहुतेक शहरांत पाणी ठराविक वेळींच सोडतात. तें बंद झालें कीं नळांतील दाब जातो, आणि सकाळीं ज्या फटींतून पाणी बाहेर गेलें तींतूनच शेजारच्या गटाराची घाण आंत शिरते. पटकी, विषमज्वर व कावीळ यांना याहून सोपी वाट कोणती?

उपाय साधा आहे. नळाच्या मधल्या अंगावर माती टाकावी, सांधे मात्र उघडे ठेवावे. आंतील हवा काढून पाणी भरावें. ठरलेला दाब ठरलेल्या वेळेपर्यंत टिकतो कीं नाहीं हें पाहून वहींत लिहावें. त्या नोंदीवर इंजिनियराबरोबर मोहोल्ल्यांतील दोघां नागरिकांची सही असल्याशिवाय कंत्राटदारास पैसे देऊं नयेत. आमच्या वकिली भाषेंत सांगावयाचें तर, चर बुजला कीं पुरावाही बुजला.

आतां आमच्या व्यापारी वाचकांस एक स्पष्ट बोल. 'दुकानापुढचा खड्डा आजच बुजवा' असा तगादा नगरपालिकेस पुष्कळदां आपणच लावतां, आणि त्या तगाद्याच्या आड परीक्षा टळते. आपण तागडींत घातल्याशिवाय पोत्याची पावती देत नाहीं; मग आपल्या मुलाबाळांच्या पाण्याची पावती न पाहतां कां देतां? परकी राज्यांत दोष साहेबावर ढकलतां येई. आज नगरपालिका आपली, पैसा आपला आणि पाणीही आपणच पिणार. चार दिवस गिऱ्हाईक फळीवरून दुकानांत आलें तरी चालेल. पण परीक्षेवांचून चर बुजूं देऊं नका.