चुकायला परवानगी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या साताऱ्यातल्या गल्लीतले एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. हातात प्लास्टिकची फाइल, आत वळणदार अक्षरात लिहिलेला नोकरीचा अर्ज. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते २६ वर्षे स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला. वय ५३. भविष्यनिर्वाह निधीची पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी, आणि मुलगी अजून कॉलेजात.

"साहेब, सहा ठिकाणी जाऊन आलो. अनुभव चांगला आहे म्हणतात आणि मग विचारतात, कॉम्प्युटर येतो का? तुम्ही बँकेत होता. मला शिकवाल?"

मी चटकन हो म्हणालो नाही, कारण मला एक जुना माणूस आठवला.

१९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत यंत्रे येऊ लागली. आमच्या आडगावच्या शाखेत संगणक यायला १९९८ उजाडले. तिथले हेडक्लार्क पन्नाशीचे होते. लेजरच्या पानावरून नुसते बोट फिरवून ते बेरीज सांगत आणि ती कधी चुकत नसे. एका बाजाराच्या दिवशी काउंटरवर गर्दी होती आणि ते एका बोटाने कीबोर्डवर अक्षर शोधत होते. माझी चाळिशी अजून यायची होती, पण मी अधिकारी होतो. मागून म्हणालो, "सरका हो जरा, मी करतो." त्यांचा हात मी बाजूला केला. काम दोन मिनिटांत झाले. गिऱ्हाइके हसली.

ते पुन्हा मनापासून त्या खुर्चीवर बसले नाहीत. २००१ साली सार्वजनिक बँकांतल्या सुमारे एक लाख लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांत तेही होते. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील. त्यांच्या कारणात माझा थोडा वाटा आहे, असे मला आजही वाटते.

पुढे विचार केला तेव्हा त्यांच्या भीतीचे मूळ लक्षात आले. लेजरमध्ये चूक झाली तर ती खरवडून काढता येत नसे. आकड्यावर रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि अधिकाऱ्याची सही घ्यायची. चूक सहीनिशी कायम कागदावर राही. अशा शिस्तीत २५-३० वर्षे काढलेल्या माणसाला एखादी कळ दाबताना धास्ती वाटली, तर त्यात बुद्धीचा काय दोष? त्याच्या हाडांत मुरलेली जबाबदारी असते ती.

म्हणून शेजाऱ्यांना पहिला धडा चुकण्याचा दिला. "एक्सेलमध्ये काहीही चुकीचं लिहा," म्हटले, "आणि आता कंट्रोल आणि झेड दाबा." चूक नाहीशी झाली. त्यांनी तोच खेळ वीसेक वेळा केला आणि हसून म्हणाले, "म्हणजे सही घ्यायला नको!"

दुसऱ्या दिवशी त्यांना जुन्या स्टॉक रजिस्टरसारखी आखणी करायला सांगितली. तारीख, चलन नंबर, आवक, जावक, शिल्लक. या रकान्यांशी त्यांची आयुष्यभराची ओळख. शिल्लक आपोआप निघते हे पाहिल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, "मग कमी पडलेला माल वेगळा काढता येईल का?" असा प्रश्न आला की शिकवणाऱ्याचे निम्मे काम संपते. त्याआधी ते एका क्लासला जाऊन आले होते. तिथे दहावी झालेल्या मुलांच्या घोळक्यात त्यांना यंत्राच्या भागांची नावे पाठ करावी लागली होती. एमएस-सीआयटीसारखा २००२पासूनचा अभ्यासक्रम आहे, प्रमाणपत्र मागतात तिथे तो जरूर करावा. पण हात बसतो तो आपल्या ओळखीच्या कामावरच.

मग ई-मेल, अर्जाची पीडीएफ, फोटोचा आकार कमी करणे. मोबाइलवर सगळ्यांना शुभेच्छा पाठवता येतात म्हणून ही कामे येतातच असे नाही. प्रत्येक कृती त्यांनी आपल्या शब्दांत वहीत उतरवली. मुलीला मी एकच नियम घातला. बाबांना सांगायचे, पण माउसला हात लावायचा नाही. तिला ते फार जड गेले.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. पाठवलेले पैसे कंट्रोल-झेडने परत येत नाहीत. नोकरी देण्याआधी 'नोंदणी फी' किंवा ओटीपी मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. गरजू माणसालाच हे लोक अचूक गाठतात.

तीन महिन्यांनी औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे त्यांना बोलावणे आले. मालकाने मालाची यादी पडद्यावर दिली आणि ती लावायला सांगितली. आधी आलेल्या तरुणाने ती नावांप्रमाणे लावली होती. यांनी मुदत संपण्याच्या तारखेप्रमाणे लावली. कुठला माल आधी बाहेर पडायला हवा, हे गोदामात जन्म काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. नोकरी मिळाली. पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश आहे, हेही सांगितले पाहिजे. आणि नुसते वय पाहून अर्ज बाजूला सारणारे मालकही आहेतच. कॉम्प्युटर शिकल्याने ते बदलत नाहीत.

तरीही आपल्या हातात थोडे आहे. तुमच्या घरात कुणी पन्नाशी ओलांडलेले माणूस पडद्यासमोर एका बोटाने अक्षर शोधत असेल, तर त्याला शोधू द्या. फार तर पाच मिनिटे जास्त लागतील. त्या बाजाराच्या दिवशी मी दोन मिनिटांत काम उरकले होते. ते कसले काम होते हे आता मला आठवत नाही. हेडक्लार्कांचा बाजूला केलेला हात तेवढा आठवतो.