भोंगा थांबल्यानंतर

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे जर्मनीला जाण्याचा योग आला. भाऊ ड्युसेलडॉर्फला नोकरीला आहे. भावजय धारवाडची, त्यामुळे घरात मराठी, कन्नड आणि जर्मन अशी सरमिसळ. एका रविवारी भाऊ म्हणाला, "ताई, चल, आज तुला कोळशाची खाण दाखवतो." इतक्या लांब येऊन खाण कसली बघायची, असं मनात आलं. पण निघाले.

रेल्वेने अर्ध्या तासात एसेन गाव आलं. तिथून १०७ नंबरची ट्राम थेट त्सोलफेराइन खाणीपाशी सोडते. उतरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो ५५ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा. त्याच्यावरच्या चाकांवरून दोर सोडून कोळसा वर काढत. १८४७ साली सुरू झालेल्या या खाणीत १९३२ मध्ये बारा नंबरचा नवा शाफ्ट उभा राहिला. रोज बारा हजार टन कोळसा काढण्याची त्याची ताकद होती. लाल विटांच्या या सरळ रेषांच्या इमारती शुप आणि क्रेमर या दोन वास्तुरचनाकारांनी आखल्या.

२३ डिसेंबर १९८६ रोजी खाण बंद पडली. पण जागा बिल्डरकडे गेली नाही. ती राज्य सरकारने विकत घेतली आणि हळूहळू एकेका इमारतीला नवं काम दिलं. बॉयलर हाऊसमध्ये १९९७ साली डिझाइनचं संग्रहालय आलं. त्यात जुने बॉयलर आणि पाइप जागच्या जागी ठेवले आहेत. कोळशाने काळे झालेले कामगार जिथे अंघोळ करीत, त्या न्हाणीघरात आता नृत्याच्या तालमी होतात. भिंतींवरच्या पांढऱ्या फरशा मात्र त्याच आहेत. चित्रकार, कारागीर यांची कामाची ठिकाणंही याच आवारात आहेत. २००१ मध्ये युनेस्कोने खाणीला जागतिक वारशाचा मान दिला.

कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत २०१० पासून या भागाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. नारिंगी रंगाच्या सरकत्या जिन्याने २४ मीटर वर चढायचं आणि मग खाली उतरत पाहायचं. आम्हाला माहिती सांगणारे गृहस्थ पूर्वी खाणीतच कामाला होते. यंत्रांपाशी उभे राहून ते म्हणाले, "इथे इतका आवाज असायचा की बोलणं ऐकू येत नसे. आम्ही हातांनी बोलत असू." आणि त्यांनी खुणा करून दाखवल्या. थांबव. सुरू कर. जेवायला चल.

मला एकदम बाबा आठवले. ते मुंबईच्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर तेही घरी बसले, ते खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले ते कायमचेच. घरातही ते ओरडूनच बोलत. आई म्हणायची, "अहो, साच्यावरून उतरा आता." आम्ही मुलं हसायचो. कानांनी काय सोसलं असेल, हे तेव्हा कळलं नव्हतं.

तेवढ्यात भाचीने आईचा हात ओढून विचारलं, "अज्जा इल्ले केलसा माडतिद्रा?" भावजय म्हणाली, "इल्ल पुट्टी, अज्जा मुंबईदाग." मुलीचा पुढचा प्रश्न माझ्यासाठी होता : "आत्या, मग अज्जांची गिरणी बघायला कधी जायचं?"

काय सांगणार? २०१२ साली मी बाबांना त्यांच्या गिरणीच्या जागी नेलं होतं. तिथे मॉल झाला होता. एक धुराडं तेवढं उभं होतं. बाबा वर बघत बराच वेळ उभे राहिले. रखवालदार म्हणाला, "काका, पुढे चला." बाबा पुढे गेले. ते गेल्यालाही आता सहा वर्षं झाली. साच्यावर ते कोणत्या खुणांनी बोलत, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

एसेनमध्ये सगळं गोड झालं असं नाही. खाणीने जितक्यांना पोसलं, तितक्यांना संग्रहालयं आणि नाट्यगृहं पोसत नाहीत. आसपासच्या वस्त्यांतली बेकारी अजून सरलेली नाही, असं भाऊ सांगत होता. कलेने रोजगाराचा प्रश्न सुटत नाही. पण तिथल्या म्हाताऱ्या कामगाराला "पुढे चला" म्हणत नाहीत. "या, सांगा" म्हणतात. मला हा फरक मोठा वाटला.

आपल्या बेळगावात वडगाव, खासबागेच्या गल्ल्यांतून जाताना मागांचा खडखडाट पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतो. तिथे संग्रहालय होईल तेव्हा होवो. या वर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं आहे. घरातल्या किंवा गल्लीतल्या एका जुन्या कामगारापाशी तासभर बसायचं आणि तो सांगेल ते मराठी किंवा कन्नड, ज्या भाषेत तो बोलेल त्याच भाषेत, लिहून आणायचं. कामाची हत्यारं, पाळ्या, शिव्या, गाणी, सगळं. हातांच्या खुणा असतील तर त्या चित्र काढून आणायच्या.