करार तुटला, माणसांचे काय?

मोठे गिऱ्हाईक मिळाले म्हणजे आपण गुमास्ते व हमाल वाढवितो. ते गेल्यास त्या माणसांचे काय, याचा विचार क्वचितच करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीकडून दरमहा तांदूळ व ज्वारी घेणाऱ्या एका वसतिगृहाने एका पत्रानिशी पुरवठा बंद केला. त्या कामावरील ५ माणसांना मी मुनिमांकरवी ‘उद्यापासून येऊ नका’ असा निरोप धाडला. त्यांतील एकजण ११ वर्षे पेढीवर होता.

पुढे दशलक्षण पर्वात, सातव्या दिवशी, तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकताना अहिंसाणुव्रताच्या ५ अतिचारांपैकी ‘अन्नपाननिरोध’ हा शब्द कानी पडला आणि माझी मान खाली गेली. पर्व संपताच पाचही घरी जाऊन मी क्षमा मागितली व देणे चुकते केले. जुन्या माणसास परत बोलाविले. तो आला, परंतु पूर्वीचा मोकळेपणा काही परत आला नाही.

१९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात घातलेले नियम २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आले आहेत : वर्षभर सलग काम केलेल्या कामगारास एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, आणि सामान्यतः शेवटी आलेला प्रथम कमी करावा. धर्म याहून थोडे अधिक मागतो. वाईट बातमी मालकाने स्वतः सांगावी. दुसऱ्या पेढीवर शब्द टाकावा. मोठ्या कराराच्या नफ्यातून याकरिता काही रक्कम आधीच बाजूस काढावी. गिऱ्हाइकाने आपणांस दिलेला धक्का आपण तसाच नोकरांच्या चुलीपर्यंत पोहोचवू नये, एवढीच व्यापारी बंधूंस नम्र विनंती.