कडू दुधी औषध नव्हे

नर्मदाकाठचे भेडाघाट असो की भीमाकाठचे पंढरपूर, कडू दुधीला कारल्याचा भाऊ समजून त्याचा रस पिणारे भेटतात. दुधीच्या रानवेलींच्या फळांत कुकुर्बिटासिन (जनावरांना दूर ठेवणारे कडू विषद्रव्य) असते. शेताला काटेरी कुंपण असावे तसे. माणसाने गोड फळांचेच बी राखत आणले, म्हणून घरचा दुधी गोडा. मात्र रानवेलीचे पराग मिळाले, तर त्या बियांपासून पुढे कडू फळे येऊ शकतात. कारल्यातली द्रव्ये याच कुळातली, पण वेगळी. भाजीपुरती ती सोसतात. दुधीतली मात्र उलट्या, रक्तस्राव घडवतात, भारतात मृत्यूही झाले आहेत. शिजवून हे विष जात नाही. चिरताना चकती चाखून थुंकण्याची जुनी सवय शहाणीच. कडू लागल्यास अख्खा दुधी टाकावा, भाव कितीही असो.