देवाची कृपा आणि योनाचा राग

ख्रिस्ती धर्माविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत दोन समजुती फार दिवसांपासून चालत आल्या आहेत. एक अशी कीं, त्या धर्माचा देव मोठा कोपिष्ट. पाप घडलें कीं नरकाग्नि पेटलाच म्हणून समजावें. दुसरी अगदीं उलट. त्या धर्मांत म्हणे क्षमा फार स्वस्त. पश्चात्तापाचे दोन अश्रू गाळले कीं जन्माचा हिशेब मिटला. या दोन्ही समजुती एकाच गृहस्थाच्या तोंडून एकाच बैठकींत ऐकूं येतात, आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें त्यास वाटत नाहीं!

पहिल्या समजुतीस आधार नाहीं असें नव्हे. अमेरिकेंतील जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकानें ता. ८ जुलै १७४१ रोजीं एन्फील्ड गांवीं केलेलें प्रवचन प्रसिद्ध आहे. आगीवर धरलेल्या कोळ्याप्रमाणें पापी मनुष्य देवाच्या हातीं लोंबकळत आहे, असें चित्र त्यानें उभें केलें. श्रोत्यांत इतका आक्रोश माजला कीं, त्यांनीं शांत राहावें अशी विनंति त्यास करावी लागली. उलटपक्षीं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत मार्सियन नांवाच्या पंथप्रवर्तकास हा कोप असह्य होऊन, यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांतील रागीट देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असा सिद्धान्त त्यानें मांडला. रोमच्या ख्रिस्ती मंडळीनें त्यास सन १४४ च्या सुमारास बहिष्कृत केलें. माझ्या मतें तिनें योग्य केलें. कारण कोप आणि कृपा यांचा उलगडा त्या जुन्या ग्रंथांतच आहे, आणि तोही अवघ्या चार अध्यायांच्या एका पुस्तकांत.

योना हा इस्राएलाचा संदेष्टा. त्यास देवाची आज्ञा झाली कीं, अश्शूर देशांतील निनवे नगरास जा आणि तेथील दुष्टपणाची वर्दी मजपर्यंत पोंचली आहे असें त्यांस बजाव. निनवेचे अवशेष इराकांतील मोसल शहरासमोर, तैग्रीस नदीच्या पूर्वतीरावर आहेत. अश्शूरांनीं पुढें ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलाचें उत्तरेकडील राज्य धुळीस मिळविलें, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे ही आज्ञा किती कडू होती तें समजतें. योना याफो बंदरांत गेला आणि नेमका उलट दिशेस जाणाऱ्या गलबतांत चढला. पुढें वादळ झालें, त्यास समुद्रांत टाकलें, मोठ्या माशानें गिळलें. लोकांच्या लक्षांत हा मासाच तेवढा राहतो. वस्तुतः माशाचें काम पळून गेलेल्या माणसास परत आणून सोडण्यापुरतें आहे.

अखेर योना निनवेस गेला. चाळीस दिवसांनीं हें नगर उलथेल, एवढेंच त्यानें सांगितलें. मूळ हिब्रू क्रियापदांत श्लेष आहे: त्याचा अर्थ उलथून पडणें असा होतो, तसाच पालटणें असाही होतो. योनाच्या मनांत पहिला अर्थ होता. घडून आला तो दुसरा. राजा सिंहासनावरून उतरून राखेंत बसला, माणसांनींच काय पण जनावरांनींही गोणपाट पांघरलें, आणि देवानें योजलेलें अरिष्ट आणलें नाहीं.

येथें आपल्या पुराणांची आठवण होते. दुर्वासाचा शाप एकदां सुटला कीं तो परत घेतां येत नाहीं. फार तर उःशाप मिळतो. शकुंतलेसही खुणेची अंगठी दिसेपर्यंत वाट पाहावी लागली. निनवेवरचा शब्द मात्र समूळ मागें घेतला गेला. देवाचा राग निवाला त्या क्षणीं योनाचा पेटला. तो देवास म्हणतो, मला हें ठाऊकच होतें. तूं कृपाळू, दयाळू आणि मंदक्रोध आहेस म्हणूनच मी पळालों होतों. स्तुति म्हणून शिकलेले शब्द त्यानें आरोप म्हणून देवाच्या तोंडावर फेकले! हे शब्द मूळ सीनाय पर्वतावर मोशेस ऐकूं आले होते. परंतु तेथें त्यांच्याच पाठोपाठ, अपराध्यास देव निर्दोष म्हणून सोडीत नाहीं, असेंही आहे. योनानें तो उत्तरार्ध गाळला. निनवेच्या बाबतींत देवच तो विसरला, असें त्यास वाटलें असावें.

'मंदक्रोध' हा मराठी भाषांतरांतला बहुव्रीहि सुंदर आहे. पण मूळ शब्द त्याहून गमतीचा आहे. जी भाषा पंडिता रमाबाईंनीं बायबलाच्या भाषांतरासाठीं उतारवयांत अभ्यासिली, त्या हिब्रूंत 'अफ्' म्हणजे नाक आणि 'अफ्' म्हणजेच राग. मंदक्रोध याचा अक्षरार्थ लांब नाकाचा. आपल्याकडे कित्येकांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो; त्या शेंड्यापर्यंत पोंचण्यास ज्याच्या रागाला फार वेळ लागतो, तो हा देव. राग नाहीं असें मात्र नव्हे. निर्विकार ईश्वराची कल्पना मुरलेल्या आपल्या मनास हें खटकतें खरें. पण ज्या मास्तरास मुलाच्या लबाडीचा कधींच राग येत नाहीं, त्यास आपल्याविषयीं कांहीं वाटत नाहीं, हें वर्गांत सर्वांच्या आधीं मुलांस कळतें. आणि 'दयाळू' याचा हिब्रू शब्द 'रहूम' हा 'रेहेम' म्हणजे गर्भाशय याच्याशीं संबद्ध आहे. आपण वासरावरून वत्सल म्हणतों, तशांतलाच प्रकार.

आपला खरा आक्षेप निराळाच आहे. कर्माचें फळ चुकत नाहीं, मग कृपा हा पक्षपात नव्हे काय? ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर विषमतेचा व निर्दयतेचा आरोप कल्पून त्याचें निरसन केलें आहे. शंकराचार्य तेथें पर्जन्याचा दृष्टान्त देतात: पाऊस साळीस आणि जवास सारखाच, पिकांतला भेद बीजाचा. येशूनेंही डोंगरावरील प्रवचनांत पाऊसच घेतला आहे. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, यावरून त्यानें काढलेलें अनुमान मात्र असें कीं, तुम्हीही शत्रूवर प्रीति करा. दृष्टान्त एक; एकानें त्यावरून न्याय सांभाळला, दुसऱ्यानें कृपा शिकविली.

ती स्वस्त असते काय, याचें उत्तर लूककृत शुभवर्तमानांतील दोन भावांच्या कथेंत आहे, आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस तें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. धाकटा मुलगा बाप जिवंत असतांनाच वांटा मागतो. यहुद्यांच्या नियमशास्त्राप्रमाणें वडील मुलास दुप्पट हिस्सा, म्हणजे दोघांत धाकट्याचा तिसरा हिस्सा. तो त्यानें परमुलुखांत उडविला, डुकरें राखलीं, आणि उपाशी परत आला. बाप धांवत सामोरा गेला, त्यास उत्तम झगा, अंगठी आणि जोडा दिला, पुष्ट वासरूं कापविलें. आतां उधळलेली तिजाई कोणी भरून दिली? कोणीच नाहीं, बापानें ती सोसली. सन १०९८ च्या सुमारास अन्सेल्म या धर्मपंडितानें ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ ऋण आणि भरपाई यांच्या भाषेंत मांडला. तो हिशेब मला कोरडा वाटतो. क्रूस म्हणजे क्षमा करणाऱ्यानेंच नुकसान आपल्या अंगावर घेणें, हें या कथेवरून अधिक नीट समजतें.

आणि वडील भाऊ? शेतावरून दमून आला, तर घरांत वाजंत्री. वांटणी झाल्यावर उरलें तें सारें त्याचेंच होणार होतें. वासरूं, अंगठी, मेजवानी, सारा खर्च त्याच्याच हिश्श्यांतला. इतकीं वर्षें राबलों, आज्ञा मोडली नाहीं, मित्रांसाठीं कधीं करडूंही मिळालें नाहीं, ही त्याची तक्रार खोटी नाहीं. बाप ती खोटी म्हणतही नाहीं. माझें तें सारें तुझेंच आहे, इतकेंच म्हणतो.

योनाचें पुस्तक प्रश्नावर संपतें. एका रात्रींत उगवून एका रात्रींत सुकलेल्या वेलासाठीं तूं हळहळलास. मग ज्यांस उजवाडावा समजत नाहीं अशा एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांसाठीं, आणि इतक्या गुराढोरांसाठीं, मीं हळहळूं नये काय? योनाचें उत्तर दिलेलें नाहीं. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं हें पुस्तक सभास्थानांत वाचतात. दोन भावांची कथा येशूनें ज्यांस ऐकविली, ते पापी लोकांच्या पंक्तीस तो बसतो म्हणून कुरकुरणारे लोक होते. मराठी भाषांतरांत त्यांस शास्त्री व परूशी असें म्हटलें आहे. बाप अंगणांत येऊन वडील मुलाची मनधरणी करतो, येथवर कथा येते. तो घरांत गेला कीं नाहीं, हें लूकानें लिहिलेलें नाहीं.